खवीस नसल्याचा पुरावा

—नाही, चाची, दाव्यात ‘खवीस’ हा शब्द घालता येणार नाही असं मी म्हणालो नाही. घालावा की कसं, याचा विचार करावा लागेल, एवढंच म्हणालो. दोन्हींत फरक आहे. आणि इथे मला ‘अनंता’ नका ना म्हणू — म्हणजे घरी म्हणा, तुमच्या अंगणात चिंचा पाडताना पकडलंत तेव्हा जे काही म्हणालात तेही योग्यच होतं — पण इथे बाहेर पाटी आहे, एम.ए., एलएल.बी. अशी, आणि साऱ्या अलिबागेत माझ्याकडे चालून आलेला पहिला खराखुरा दावा हा तुमचाच. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय… हां, ही घ्या.

तर वस्तुस्थिती अशी. किहीमला समुद्रालगत तुमचं घर. चाचा गेल्यापासून त्या घराचं भाडं हीच तुमची भाकरी. मुंबईचे ते डॉक्टर दर हिवाळ्यात कुटुंब घेऊन हवापालटाला यायचे, होळीपर्यंत राहायचे. यंदा रेवसला लाँचमधून उतरले आणि तुमच्याकडे यायचे ते थेट शेजारी ताजुद्दीनशेठच्या बंगल्यात जाऊन राहिले — का, तर शेठनी बंदरावरच त्यांच्या कानात सांगितलं, की जहुराच्या घरात खवीस आहे. त्यानंतर दुसरं बिऱ्हाडही फिरकलं नाही. बरोबर? नुसती मान हलवलीत तरी चालेल.

आता तुम्हाला वाटत असेल, यात कायदा काय करणार? — करतो, चाची! डोकं फुटलं तरच कायदा धावतो असं नाही. कुणी खोटंनाटं बोलून तुमचं गिऱ्हाईक तोडलं, तर डोकं शाबूत असलं तरी भरपाई मागता येते. हा अब्रूचा दावा नव्हे — घराला अब्रू नसते, कायद्याच्या दृष्टीनं म्हणतोय मी — हा पोटावर मारलेल्या पायाचा दावा. दाखवायचं काय, तर बोलणं खोटं होतं, बोलणाऱ्याच्या मनात डाव होता, आणि त्यापायी प्रत्यक्ष नुकसान झालं. नुकसान तर तुमच्या रिकाम्या ओसरीवर बसलेलंच आहे. अडचण आहे ती खोट्याची. ते खोटं होतं हे दाखवण्याचं ओझं आपल्या डोक्यावर — म्हणजे खवीस नाही, हे आपण सिद्ध करायचं. आता नसलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहून सांगणार, मी कधी पाहिला नाही. समोरचा वकील विचारणार, बाई, दिवसा पाहिला नाहीत की रात्री? रात्री डोळे मिटलेले होते ना? झालं! बरं, खविसालाच बोलवावं, तर समन्स धाडायचं कुठल्या पत्त्यावर? तुमच्याच. म्हणजे तो तिथे राहतो हे आपणच लिहून दिल्यासारखं. आणि राहतो म्हटलं, की तो झाला बिनभाड्याचा भाडेकरू — त्याला बाहेर काढायचा दावा वेगळा, त्याचा स्टॅम्प वेगळा. हसू नका, चाची, मी हे सगळं पुस्तकं उघडून पाहिलंय.

आणि डावाचं म्हणाल, तर ताजुद्दीनशेठ डावपेची आहेत — असं मी म्हणणार नाही, खिडकी उघडी आहे. गिऱ्हाईक त्यांनी नेलं, तेव्हा डाव दिसतो. दिसतो! पण परवा मी मुद्दाम त्यांच्या बंगल्यावरून गेलो. दारावर ताईत. तुमच्या बाजूच्या खिडक्या खिळे मारून बंद. आत लोबानाचा धूर असा, की डॉक्टरांचं कुटुंब हवापालटाला येऊन बाहेर अंगणात खोकत बसलंय. आता सांगा, जो माणूस स्वतःच एवढा टरकलाय, त्याच्या मनात डाव कसा म्हणायचा? तो इमानेइतबारे घाबरलाय! आणि इमानेइतबारे घाबरलेल्या माणसापुढे कायदा हात टेकतो.

म्हणून मी काय म्हणतो, शेठना सोडा, मूळ शोधा. पहिल्यांदा जो बोलला तो खरा प्रतिवादी — आणि त्याला मात्र सोडायचा नाही, कुणी का असेना! तर शेठना हे सांगितलं कुणी? … छकडेवाल्या सदूनं? छान. आणि सदूला? … रावजी न्हाव्यानं. वाटलंच मला! त्याचा वस्तरा बोथट, पण जीभ कशी लखलखीत. आता त्या रावजीला बोलावून विचारायचं, बाबा रे, तू हे कुठून — तुम्ही जाऊन आलात? त्याच्याकडे? आणि काय म्हणाला तो, ‘एका शिकलेल्या मानसानं सांगितलं’?

शिकलेल्या.

बरं, रावजीकडे शिकलेली माणसं पुष्कळ जातात. कचेरीतले कारकून जातात, हेडमास्तर जातात, मी… मीही जातो, दाढी कुणाला चुकलीय? … असं नका बघू. सांगतो. त्या बोलण्याचे नेमके शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून सांगतो. गणपती होऊन गेले होते. माझ्या गळ्यावर साबण, साबणावर वस्तरा, आणि रावजी विचारतो, ‘वकीलसायेब, जहुराचाचीच्या घरात रातचा आवाज येतो म्हनतात, खवीस हाय काय वो?’ आता मी ‘आहे’ म्हणालो का? मुळीच नाही! मी म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो — ‘रावजी, उपलब्ध पुराव्यावरून खवीस आहे असं म्हणता येत नाही, मात्र तो नाही, असंही सिद्ध करता येत नाही.’ बस्स. याहून निर्दोष वाक्य कुणी करून दाखवावं! दुसरा असता तर ‘हट्, काहीतरीच’ म्हणून मोकळा झाला असता — मला पुराव्यावाचून ‘हट्’ म्हणवत नाही, त्याला मी काय करू? तर त्या रावजीनं सदूला सांगितलं, वकीलसायबांना इचारलं, न्हाय म्हनायला तयार न्हाईत. आणि सदूनं शेठना सांगितलं, कोर्टात शाबीत झालंय.

पण ऐका, माझ्यावर दावा उभा राहत नाही. मी बोललो ते खोटं नव्हतं. माझ्या मनात डाव नव्हता — गळ्यावर वस्तरा असताना डाव कसला सुचतो! राहता राहिलं नुकसान, तर ते… चाची, तुमच्या हातात नेहमी दोन बांगड्या असायच्या ना? सोन्याच्या? चिंचेच्या झाडाखाली माझा कान धरायचात तेव्हा त्या एकमेकींवर वाजायच्या.

हं.

नुकसान झालंय. ते मी नाकारत नाही.

हे काय? … चावी? चावी का ठेवताय इथे? … मी? तुमच्या घरात? डॉक्टरांच्या जागी, होळीपर्यंत, आणि तेही भाडं देऊन? अहो, असा निवाडा कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही — म्हणजे, नाही असं सिद्ध करता… जाऊ द्या. आणि दर सकाळी रावजीकडे दाढीला बसून मोठ्यानं काय सांगायचं? ‘खवीस नाही.’ एवढंच? मागेपुढे काही नाही? निदान ‘आजपावेतो’ तरी? … नको. बरं. नको तर नको.

थांबा, उठू नका लगेच. एक विचारायचं राहिलं. दाव्याशी संबंध नाही, आपलं सहज. तो रात्रीचा आवाज — … माडाची झावळी कौलांवर घासते. वाऱ्यानं. हां, पटण्यासारखं आहे. अगदी पटण्यासारखं. फक्त एवढंच, की वारा पडलेला असतो तेव्हा —

चाची?

अहो चाची, वारा पडलेला असतो तेव्हा?