पंधराला पंधरा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या रक्तपेढीच्या संचालिका आदरणीय डॉक्टर मॅडम. व्यासपीठावर विराजमान असलेले आपले ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांच्या औदार्याविषयी मला पुढे चार शब्द बोलायचेच आहेत. पहिल्या रांगेत बसून मघापासून घड्याळाकडे बघणारे आपले व्यवस्थापक. आजचे सत्कारमूर्ती, आपले ड्रायव्हरकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. आणि लिफ्ट बंद असूनही तीन मजले चढून आलेल्या माझ्या सगळ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. "गोड बोला आणि थोडक्यात आवरा," असं व्यवस्थापकांनी सकाळी बजावलंय. मी तपासणी विभागातली तंत्रज्ञ. आमच्या खोलीत गोड आणि कडू असं काही नसतं. तिथे एक तर जुळतं, नाही तर जुळत नाही. तेव्हा गोडीचं बघते कसं जमतंय ते.

काकांना आपण सगळे 'सावकाश' म्हणतो. ते जिना उतरणाऱ्यालाही "सावकाश" म्हणतात, आणि चहा ओतणाऱ्यालाही. रक्तदान शिबिरांहून परत येताना पिशव्यांच्या पेट्या मागे आणि मी पुढे, अशी कितीतरी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले आहे. एकदा भर रस्त्यात एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. नुसतं टाकलं नाही, वळून बघून हसला सुद्धा! मी म्हटलं, "काका, अहो, लाज गेली आपली." ते शांतपणे म्हणाले, "मागे रक्त आहे ताई. हिंदकळलं तर वाया जाईल. लाज काय, उद्या परत येते."

हसा, हसा. काकूसुद्धा हसतायत. आता मला सांगा, अशा माणसावर भरधाव गाडी हाकल्याचा आरोप यावा? गोगलगायीला वेगासाठी पकडण्यातलाच प्रकार. पण आला. आपल्या गाडीत उपग्रहावरून वेग नोंदवणारं यंत्र बसलं, आणि पहिल्या महिन्यापासून ते सांगायला लागलं की साठची मर्यादा हा माणूस रोज ओलांडतो. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. काका म्हणायचे, "काटा साठच्या पुढे जाऊच देत नाही मी." यंत्र म्हणायचं, जातो. आता माणूस आणि यंत्र भांडले तर कार्यालय कुणाचं ऐकणार, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच सुमाराला दुसरी कुजबुज सुरू झाली. गाडी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल पितेय. तेवढ्याच अंतराला जास्त पेट्रोल. "कुठेतरी पेट्रोल मुरतंय," असं कोणीतरी चहाच्या टेबलापाशी म्हणालं आणि बाकीचे हसले. कोण म्हणालं ते मला माहीत आहे. नाव घेणार नाही, समारंभ आहे. काकांना ते ऐकू गेलं होतं, एवढंच सांगते. त्यानंतर त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. स्वेच्छेने. निमंत्रणपत्रिकेवर तो शब्द मुद्दाम ठळक छापलेला आहे, तुम्ही वाचला असेलच.

हं, एक चिठ्ठी आली. "विषयावर या." येते ना.

विषय आहे गाडीची चाकं.

परवा मी आणि आमचे हे आमच्या गाडीला टायर घ्यायला गेलो होतो. आमच्या ह्यांना एकाएकी रुबाब करायची हौस आली. "जरा मोठे बसवू या, गाडी उठून दिसेल." दुकानदार भलताच त्रासिक होता. म्हणाला, "चप्पल घेताना असं करता का? उठून दिसेल म्हणून दोन नंबर मोठी?" मग त्यानं आमच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि खांबावर चिकटवलेली एक पट्टी दाखवली. एवढी वर्षं आम्ही ती गाडी वापरतोय, ती पट्टी दोघांनीही कधी वाचली नव्हती. कुठला साईज बसवायचा, ते तिथे लिहिलेलं असतं. तोच साईज टायरच्या अंगावरही उमटवलेला असतो. तीन आकडे. पहिला टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिसरा आतल्या रिमचा व्यास, तो इंचांत. आणि मधला आकडा रबराची उंची, ती धड मिलिमीटरमध्ये नाही आणि इंचांतही नाही, तर रुंदीच्या किती टक्के, ती! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरात वाटण्या कशा झाल्या असतील कोण जाणे.

दुकानदार म्हणाला, "मोठं रिम हवं तर खुशाल घ्या. पण मग रबराची उंची तेवढी कमी करा. काहीही करा, चाकाचा बाहेरचा घेर कंपनीनं दिला तेवढाच राहिला पाहिजे."

"नाही राहिला तर?" ह्यांनी विचारलं.

"तर मीटर खोटं बोलेल. त्याला रस्ता कुठे दिसतो? तो बिचारा चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. तुम्हाला वाटतं साठनं चाललोय. तुम्ही असता पुढेच."

मी पर्स उचलली आणि म्हटलं, "चला, निघू या." ह्यांना वाटलं, किंमत ऐकून निघाले. "स्वस्तातलेही असतात गं," म्हणाले.

आता मी आपल्या आदरणीय विश्वस्तांच्या औदार्याकडे वळते. साहेब, गेल्या वर्षी आपण रक्तपेढीच्या गाडीसाठी चार नवे कोरे टायर दान दिलेत. याच सभागृहात छोटा कार्यक्रम झाला होता. टायरना हार घातला होता, फोटो निघाले होते, आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्याकडच्या मोठ्या गाडीसाठी आणलेले ते टायर आपण मोठ्या मनानं संस्थेला दिलेत. त्या मनाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

काल सकाळी मी आपल्या गाडीपाशी उकिडवी बसले आणि वाचलं. दारातली पट्टी म्हणते, एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. टायर म्हणतो, दोनशे पाच, सत्तर, पंधरा. म्हणजे रुंदी जास्त, उंची जास्त, आणि रिम तेवढंच. बसवणाऱ्यानं फक्त शेवटचा आकडा बघितला. पंधराला पंधरा जुळलं, बसवून टाकलं! तपासणी विभागातल्या मंडळींना मी वेगळं समजावत नाही. नुसतं 'ए' बघायचं आणि पुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघायचंच नाही, असं आपल्यातल्या कुणी केलं असतं तर त्याला इथे उभं तरी केलं असतं का?

म्हण आहे, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. इतर ठिकाणी शोभते ती. पण आपल्या रक्तपेढीचं अख्खं कामच धर्माच्या गाईचे दात मोजण्याचं आहे! लोक प्रेमानं, फुकट, स्वतःच्या अंगातलं रक्त देतात, आणि आपण त्यांना बिस्कीट देतो, धन्यवाद म्हणतो आणि ती पिशवी तपासल्याशिवाय जागची हलवत नाही. राजाची असली तरी नाही. मग चार टायर तेवढे न तपासता कसे गेले? हा प्रश्न मी कुणा एकाला विचारत नाही. सभागृहाला विचारते.

काल दुपारच्या फेरीत मी म्हटलं, "काका, आज काटा बरोबर साठवर ठेवा." ते म्हणाले, "शेवटच्या दिवसांत कशाला ताई?" पण ठेवला. माझ्या फोनवर, त्या यंत्रासारखाच उपग्रहावरून, गाडीचा खरा वेग दिसत होता. काटा साठवर, फोन चौसष्टच्या वर. गाडी एकच, रस्ता एकच. आणि पेट्रोलचंही तेच. गाडी खरं अंतर जास्त कापते, मीटर कमी लिहितो, आणि आपण भागाकार करतो मीटरच्या आकड्यानं. मग पेट्रोल मुरलं असं वाटणारच. ते कुणाच्या खिशात गेलं नाही. ते रस्त्यावर गेलं, आपल्याच पिशव्या घेऊन.

हे मी काकांना काल सांगितलं नाही. दुसऱ्यानं खात्री केल्याशिवाय आम्ही अहवाल कुणाच्या हातात देत नाही, सवय आहे. आज सकाळी त्या त्रासिक दुकानदाराला बोलावलं. त्यानं फीत लावून चाक मोजलं आणि फक्त "कुणी बसवलं हे?" एवढंच विचारलं. मग मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, "बरोबर असेल तुमचं. पण आता हॉल घेतलाय, नाश्ता सांगितलाय. पुढच्या आठवड्यात बघू." म्हणून मला इथे बोलावं लागतंय. नाश्ता चांगला आहे, मी जिन्यातून वास घेतला. तो वाया जाऊ नये, हे मलाही पटतं.

विश्वस्त साहेब काही म्हणतायत. माईकवर या ना साहेब… बरं, मीच सांगते. ते विचारतायत, "मला कुणी सांगितलं का नाही?"

साहेब, रास्त प्रश्न आहे. ड्रायव्हरनं सांगितलं होतं. टायर बसवले त्याच आठवड्यात. फाटकातून आत वळताना चाक घर्र करून घासायचं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलंय. काका कार्यालयात जाऊन म्हणाले, "चाक घासतंय, मोठं वाटतंय." उत्तर मिळालं, "नवं आहे, रुळेल. विश्वस्तांनी दिलंय, काढता येणार नाही." ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. तुमचा मान राखायचा म्हणून पोचवलं नाही.

इथपर्यंत मी शांतपणे बोलले. पुढचं तसं जमेल असं वाटत नाही.

काल संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले होते. काका बाहेर गेले होते. काकूंना मी विचारलं, "काका भांडले का नाहीत? अर्ज कशाला दिला?" मला वाटलं, पेट्रोलचं बोलणं मनाला लागलं असेल. काकू म्हणाल्या, "पेट्रोलचं त्यांना काही नाही गं. म्हणतात, मी चोरी केली नाही, हे मला ठाऊक आहे. पण डोळ्यांचं मला ठाऊक नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. काट्यावर साठ दिसतं आणि यंत्र म्हणतं जास्त आहे. म्हणजे आपल्यालाच चुकीचं दिसतंय, असं हा माणूस धरून चाललाय. दोनदा डोळे तपासून आले. डॉक्टरनं ठीक सांगितलं, तरी विश्वास बसला नाही. "उद्या सिग्नल चुकीचा दिसला तर? कुणी आडवं आलं आणि दिसलंच नाही तर?" म्हणून अर्ज. नातीला हाताला धरून रस्ता ओलांडायचंही त्यांनी सोडून दिलंय. तिला शाळेत आता शेजारीण पोचवते.

मला राग आला. अजून आहे. एका माणसाला आपण चोर म्हटलं, ते त्यानं गिळलं. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास आपण काढून घेतला, आणि आता पुष्पगुच्छ देतोय!

मॅडम, आपल्याला माझी एकच विनंती आहे. त्या अर्जावर आपली सही अजून व्हायची आहे. योग्य मापाचे टायर बसेपर्यंत ती करू नका. मग काकांना विचारा, जायचंय की राहायचंय. जायचं म्हणाले तर मी पुन्हा भाषण करीन, अगदी गोड करीन, पाच मिनिटांत आवरीन.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. व्यवस्थापकांच्या घड्याळाचे आणि विश्वस्तांच्या मोठेपणाचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द खालीवर झाला असेल, तर लेकीसुनेचा समजून पदरात घ्या.

आणि काका, मान वर करा. तुम्हाला साठ दिसत होतं, कारण काटा साठवरच होता. तुमचे डोळे उत्तम आहेत. उद्या शेजारणीला सुट्टी द्या, नातीला शाळेत तुम्हीच सोडा.