वेनो हौटालाचे बारा चाहते

—बूट राहू देत आयली, फार वेळ लागायचा नाही. लिंबाच्या वड्यांचा डबा ठेव तिथं. बापानं पाठवलं? स्वतःहून आलीस? बरं. तर तुझा बाप वेनो दिवसभर कंप्युटर उघडून बसतो, जेवत नाही—आणि तुला वाटतं, या साइटवर मी, समोरची आर्लिस, अकरा वर्षं आहे, मला ठाऊक असेल त्याला रोज लिहिणारी माणसं एकाएकी कुठं गेली. अगं, माणसं काय, येतात नि जातात.

पण आधी साइटचं ऐक. जुन्या शिलाई मशिनींची माहितीपुस्तकं—पार सुपीरियर गावापर्यंतच्या म्हाताऱ्यांकडून मागून आणायची, पान न् पान सपाट करून स्कॅन करायचं, जगाला फुकट द्यायचं. कोण द्यायचं? मी. बाकी सगळे घेणारे. मग चालवणाऱ्यांना अक्कल सुचली—लोकांना हुरूप यावा म्हणून दर अपलोडला एक ‘टाका’, म्हणजे एक गुण, हजार टाके झाले की नावापुढं सोनेरी अंगुस्तान, शिवताना बोटात घालतात त्या टोपीचं चित्र. तुझ्या बापानं काय केलं? माझं साठ पानांचं पुस्तक उतरवलं, पानं सुटी केली, साठ वेळा चढवलं. त्याला साठ टाके, मला एक! असं पुस्तकामागून पुस्तक करत अंगुस्तान त्याला मिळालं—चर्चच्या कॉफीला जो तो त्याची पाठ थोपटतोय, नि मी किटली घेऊन उभी.

त्याच्या बदल्यात काय दिलं मी त्याला? धन्यवाद. रोज, बारा नावांनी—म्हणजे, बारा जणांनी... जाऊ दे, निघालंच तोंडातून. मीच ते बारा जण. दोन वर्षं गोडगोड लिहिलं, चटक लावली, आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी बाराही खाती बंद केली. कळू दे त्याला, खरं कौतुक करणारं एकही माणूस नव्हतं ते.

रडू नकोस. मला कोणी म्हटलं धन्यवाद अकरा वर्षांत? एकानं. पहिल्या वर्षी... हो, वेनोनंच. म्हणून काय झालं?

हा कागद कसला? ओपलला लिहिलेलं? ओपल मीच गं, बारांतली एक. सोमवारी दुपारी पाठवलं नि परत आलं? बघू. “ओपल, ती पुस्तकं माझी नाहीत, समोरच्या आर्लिसची आहेत. तिच्या दारापर्यंत जातो नि परत येतो. तिला कसं सांगू, तूच सांग.”

...

नाही, बसू नकोस. ओपल काय सांगणार? ओपल नाहीच आहे कुठं. जा आता. डबा घेऊन जा. आणि दार ओढून घे, आयली.