थोरलीचं मत

"मताच्या रांगेत तान्हं लेकरू नेऊ नकोस, तिथे बायकांची तोंडं सुटतात," असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या कायदेमंडळाच्या सभासदांनी राजीनामा दिला, त्यांची जागा रिकामी झाली, म्हणून ही पोटनिवडणूक होती. इंग्रज सरकारच्या नव्या कायद्याने शेतसारा भरणाऱ्याच्या बायकोलाही मत होतं. दोन बायका असतील तर फक्त थोरलीला. माझ्यापुढे कोरीट गावच्या पितांबर पाटलांच्या दोघी बायका उभ्या होत्या, थोरली दगूबाई आणि धाकटी तापी.

"बाई, तुम्ही मांगे फिरा. मत मी देसू."

"तुन्हं नाव नही शे, तापी."

"घरन्या किल्ल्या मन्हा कमरले शेतस, पोऱ्या मी दिधा, नि नाव तुम्हनं?"

"सरकारनी पोऱ्या नही इचारा. पहिली कोन, इतलंच इचारं."

"म्हनीसन नवं लुगडं नेसीसन आलात?"

"तू बी त नेसेल शे."

"मन्हं धनीनी आणेल शे."

"माले ठाऊक शे. हाई मन्ही मायनं शे."

"दगूबाई पितांबर पाटील!" आतून कारकुनाने हाक मारली.

"आत गयात तं सांजले दार उघडाव नही, सांगी ठेवस."

"धनी सांगतीन तं ऐकसू."

"धनी मन्हंच ऐकतस."

"ते बी ठाऊक शे."

दगूबाई पदर सावरून आत गेल्या. त्या बाहेर येण्याआधीच तापी बैलगाडीत बसून निघून गेली.

तान्ह्या बाळाला घेऊन मला तेवढ्या लांब जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणी कोरीटला गेलंच, तर पाटलांच्या दारात जरा डोकावा. दगूबाईंना घरात घेतलं का, तेवढं मला कळवा.