बारा पस्तीसचं लग्न

हृदयरोगाच्या दवाखान्यात मी वडिलांच्या मृत्यूचे कागद न्यायला बसले होते. शेजारी एक बाप आणि त्याची लेक तिच्या लग्नपत्रिकेचा मसुदा तपासत होते.

“अप्पा, मे महिन्यात, करमाडच्या उघड्या मैदानात, दुपारी बारा पस्तीसला? लग्न लावायचंय का पापड वाळवायचेत?”

“मंडप हाय की. चार कूलर लावू.”

“आन् तुम्ही दारात उभं राहून पाहुण्यांना हात जोडणार. डॉक्टर काय म्हणले?”

“डॉक्टरच्या पोरीचं लग्न नाय ते.”

“हे बारा पस्तीस काढलं कुणी? आपण बौद्ध. आपल्यात मुहूर्त असतो का?”

“नसतो. पण समदे तेच छापतात.”

“मग सकाळी आठला वंदना घेऊ. वारा असतो, ऊन कोवळं असतं.”

“आठला कोण येतंय, विशाखा? पोरीच्या लग्नात रिकाम्या खुर्च्या बघू का मी?”

“वाळूजच्या कंपनीतले तुमचे सोबती सातला रात्रपाळीवरून सुटतात. तिथून थेट मंडपात येतील.”

“कंपनीच्या कपड्यांवर?”

“त्याच कपड्यांवर त्यांनी मला खांद्यावर घेतलं नाय का?”

अप्पांनी मसुद्यातलं बारा पस्तीस खोडलं.

“बरं, आठ छाप. पण दारात मीच राहणार.”

“राहा, पण खुर्चीत बसून.”

“नवरीचा बाप बसून हात जोडतो? लोक नावं ठेवतील.”

“ठेवू द्या. मला पाठवणीला बी तुम्ही पाहिजेत.”