अण्णा प्याले नव्हते

जमलेले सगळे काका, काकू, अण्णांचे पलटणीतले सोबती,

मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी सहा चाळीसला मी अण्णांची दाढी करत होतो. डावा गाल झाला होता. उजव्या गालाला साबण लावला आणि त्यांचा श्वास थांबला. हाका मारल्या. मग उजवा गालही पूर्ण केला. दुसरं काय करणार होतो?

मला बोलता येत नाही. बारावी अर्धी सोडलेला माणूस. लिहून आणलंय, तेच वाचतो.

अण्णा प्याले नव्हते. कधीच नाही. सात वर्षांपूर्वी त्यांचा तोल जायला लागला, जीभ जड झाली, तेव्हा आपण काय म्हणालो? शिंदेकाका, समोर बसलायत, रागावू नका. तुम्ही जिन्यात हसून म्हणायचात, "अच्छा हवालदारसाहेब, आमच्याबरोबर बसत नाही, आणि एकटेच सकाळपासून?" अण्णा कठडा धरून नुसते उभे राहायचे.

पण काकांना काय बोलू? मी काय केलं? फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली रमची बाटली पाहुण्यांसाठी कपाटात असायची. मी तिच्यावर पेन्सिलीनं खूण केली. रोज बघायचो. रम खुणेवरच. अण्णा पडतच होते. मला वाटलं, बाहेर पीत असतील.

दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, अण्णांच्या रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लहान मेंदू झिजतोय. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. औषध नाही. तुमच्या वडिलांना असं काही होतं?"

"नाही," अण्णा म्हणाले. "वडील दारू प्यायचे. त्यातच गेले."

"पिताना पाहिलं होतंत?"

अण्णा म्हणाले, "चालताना पाहिलं होतं."

मंडळी, माझ्या आजोबांना, तात्यांना, गाव दारुड्या म्हणायचं. त्या लाजेनं अण्णा अठराव्या वर्षी फौजेत निघून आले. मागे पत्र नाही, भेट नाही. अग्नी द्यायलाही गेले नाहीत. त्या दिवशी हॉस्पिटलातून परतताना रिक्षात एकच विचारत राहिले, "तात्या प्यालेच नसतील तर रे?"

पाच वर्षं तेच विचारत होते. शेवटी शब्द फुटेनात, तेव्हाही मला कळायचं, काय विचारतायत. डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असेलही, नसेलही. आजोबांचं रक्त आता कुठून आणणार?

तुम्ही हळूच मला विचारता, तुझी तपासणी केलीस का? नाही केली. ताईनंही नाही. दोघांनाही निम्मी भीती आहे, निम्मी आशा. माझा फॉर्म भरलेला आहे. तीनदा तपासला, एकही चूक नाही. सही होत नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू या. पहिलं मिनिट अण्णांसाठी. दुसरं माझ्या आजोबांसाठी. ते पीत होते की नाही, मला माहीत नाही. पीत असतील, तरीही उभे राहा. त्यांच्यासाठी अजून कुणीच उभं राहिलेलं नाही.