धुऱ्यावरचे बगळे

राजेहो, आपल्या अमरावतीच्या विमानतळावर मी कामाले होतो, तवाची गोष्ट. विमान परत उडायच्या वक्तीच बगळ्यांचा थवा यायचा. एखादा इंजिनात गेला तर सत्यानाश! दिल्लीहून विमान सुरक्षेचे साहेब आले, संग पक्ष्यांचा असाच तरास असलेले नेपाळ अन श्रीलंकेचेही. दोन दिवस नकाशे पाहत बसले.

शेवटी दिल्लीच्या साहेबानं कुंपणाले लागूनच धुरा, म्हंजे शेताचा बांध, असलेल्या किसनभाऊले विचारलं, "हे बगळे याच वेळी कसे येतात?"

"मी वावर वखरतो, किडे निघतात, म्हणून येतात."

"पण याच वेळी का वखरता?"

"विमान उतरलं का मी ट्रॅक्टर काढतो. तेच आमचं घड्याळ."

"विमान उडून गेल्यावर काढाल का?"

"काढतो न! पण साहेब, तीन देश जमा केले, अन धुऱ्याच्या शेजाऱ्याले काहून नाही विचारलं?"