रबरबँड लावलेल्या बॅटऱ्या

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं.

"कॅमेरा काय, कुणीही विकत घेतो. बॅटऱ्या सांभाळतो तोच खरा फोटोग्राफर!"

"अहो, भाषण पुरे. आईच्या वाढदिवसाचे कार्डात अडकलेले फोटो हे लोक परत मिळवून देतील ना?"

"कार्डात असतील तर देतील."

"असतील तर म्हणजे?"

"अगं, चार्ज केलेल्या बॅटरीला मी रबरबँड लावतो, उतरलेली तशीच ठेवतो. त्या दिवशी बघतो तर सगळ्यांनाच रबरबँड!"

"मीच लावले. दोन उघड्याबोडक्या दिसल्या, म्हटलं तुम्ही विसरलात."

"नेमक्या त्याच दोन मी घेऊन गेलो."

"पण फ्लॅश तर चमकत होता!"

"त्याचे सेल वेगळे असतात. त्याचं बटण मी हातानेच दाबत होतो."

"आणि तो खटखट आवाज?"

"तोंडाने काढत होतो."

"अख्खी संध्याकाळ?"

"तुझी आई दर वेळी नवी पोज देत होती. सांगायचा धीरच होईना."

"आयुष्यात पहिल्यांदा ती तुम्हाला गुणी जावई म्हणाली हो!"

"म्हणून तर म्हणतो, कार्ड बिघडलंय असंच राहू दे."

"थांबा, तिचाच फोन आलाय. हं, आई... बरं, सांगते."

"काय म्हणतात?"

"डोळे मिटलेले आले असतील, तेवढे फोटो पुसून टाका म्हणते."